धृपद धरणारे : गिरणगावातील भजनी मंडळे आणि गणेशोत्सव

भायखळ्याच्या पूर्वेस, कॉटन ग्रीनला लागून वसलेल्या घोडपदेवात आणि तेथून लालबाग-परळपर्यंत पसरलेल्या गिरणगावात गणेशोत्सवाचे दिवस ओळखू येतात ते आरतीनंतर सुरू होणाऱ्या भजनांवरून. या भजनांना भक्तिसंगीताच्या इतिहासात स्थान आहेच. परंतु घरापासून दूर राहणाऱ्या कष्टकऱ्यांनी एकमेकांना कसे धरून ठेवले, याचाही तो एक महत्त्वाचा पुरावा आहे.

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीची कापडगिरणी ताडदेवला सुरू झाली आणि पुढील काही दशकांत कोकण व घाटावरून हजारो पुरुष मुंबईत आले. एकाच गावचे कामगार चाळीतील एक खोली, म्हणजे ‘गाळा’, मिळून भाड्याने घेत, पाळीप्रमाणे आळीपाळीने झोपत आणि खाणावळीत जेवत. गावदेवीच्या उत्सवासाठी वर्गणी काढणारे गावकरी मंडळ आणि टाळ वाजवणारे भजनी मंडळ यांतील माणसे त्यामुळे बहुधा तीच असत. १८९३ च्या सुमारास गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आल्यावर या मंडळांना गावच्या घराबाहेरही हक्काची बैठक मिळाली.

भजनाची रचना पाहिली म्हणजे या सहवासाचे मर्म कळते. मुख्य गायक, म्हणजे ‘बुवा’, पेटीवर बसून अभंगाची ओळ उचलतो आणि टाळकरी, ज्यांना कोकणी भजनात ‘कोरस’ असेही म्हणतात, तीच ओळ झेलून परत देतात. यालाच ‘धृपद धरणे’ म्हणतात. बुवाला श्वास घ्यायला, पुढचा चरण आठवायला आणि नवी हरकत जुळवायला जो अवकाश मिळतो, तो या धरण्यातूनच मिळतो. स्तवन, रूपाचा अभंग, गौळण अशा क्रमाने रंगत गेलेले भजन ‘गजरा’त, म्हणजे नामघोषाच्या चढत्या लयीत, टिपेला पोहोचते, तेथे एका झांजेची चूक साऱ्या बैठकीला जाणवते, म्हणून लय चढवताना प्रत्येकाची नजर पखवाजीच्या हातावर असते.

पखवाजाची तयारी हा या बैठकीचा पहिला विधीच होय. डाव्या पुडीवर, म्हणजे ‘धुम्या’वर, भिजवलेल्या कणकेचा गोळा थापून तो बोटांनी हळूहळू पसरवतात, कारण त्या ओलसर वजनानेच घुमारदार खर्ज उमटतो, उजवी पुडी मात्र गठ्ठ्यांवर हातोडीचे हलके ठोके देत पेटीच्या स्वराशी मिळवून घ्यावी लागते. बैठक संपल्यावर कणीक खरवडून पुडी स्वच्छ करण्याचे काम बहुधा शिकाऊ मुलाकडे येते आणि त्याचे शिक्षण तेथूनच सुरू होते.

दीड, पाच वा सात दिवसांच्या गणपतींत एकाच रात्री अनेक घरी भजन करायचे असल्याने मंडळ एका दारातून दुसऱ्या दारात जाते आणि कुठे चहा, कुठे उसळ-पाव असा पाहुणचार घेते. नाताळात घरोघरी कॅरल गाणाऱ्या ख्रिस्ती गायकवृंदांशी या प्रथेचे साम्य स्पष्ट आहे, कारण दोन्हीकडे सणाचे गाणे श्रोत्याच्या उंबरठ्यापर्यंत चालत जाते. मात्र कोकणी भजनाने याला ‘डबलबारी’ची जोड दिली, तीत दोन बुवा आपापल्या मंडळांसह समोरासमोर बसून आळीपाळीने गातात आणि एकमेकांच्या अभ्यासाची कसोटी पाहतात.

१८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गाळे ओस पडू लागले. घोडपदेवच्या न्यू हिंद मिलच्या जागेवर आज गिरणी कामगारांसाठी म्हाडाने बांधलेल्या इमारती उभ्या आहेत. विरार-बदलापूरकडे गेलेली कुटुंबे पूर्वीसारखी शेजारी राहिलेली नाहीत आणि १९९८ मध्ये पूर्ण झालेल्या कोकण रेल्वेने गणपतीला गावी जाणेही सोपे केले आहे. तरीही मंडळ टिकते ते पाळीची वेळ, खोली किंवा गिरणी यांच्या आधारावर नव्हे. बुवाने ओळ सोडताच ती उचलायला कोणीतरी शेजारी बसलेले असते, या खात्रीवर ते टिकते.