पगार आला, पण पीएफ भरला का?

आजचा एपिसोड पगारावर. किती मिळतो त्यावर नाही (तो विषय काढला तर एपिसोड संपायचा नाही), तर तो बनतो कसा त्यावर.

'पगार' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांकडून आला. शब्द जुना, पण ठरलेल्या तारखेला पूर्ण पगार मिळण्याचा हक्क तसा अलीकडचा. मुंबईच्या गिरण्यांत एका महिन्याचा पगार पुढचा महिना अर्धा सरला की हातात पडायचा, आणि कापड खराब निघालं तर त्याचे पैसे विणकराकडूनच वसूल व्हायचे. १९३६ च्या वेतन कायद्याने याला लगाम घातला. हजारापेक्षा कमी कामगार असतील तर ७ तारखेपर्यंत, नाहीतर १० पर्यंत पगार द्यायचा, आणि कपात फक्त कायद्यात लिहिलेलीच करायची. आपण '७ पर्यंत होईल' म्हणतो ना, त्याचं मूळ हे.

माझ्या धंद्याचंही नातं इथलंच आहे बरं का. इंग्लंडमधल्या जे. लायन्स या चहा-केकवाल्या कंपनीने 'लिओ' नावाचा स्वतःचा कॉम्प्युटर बांधला आणि १९५४ मध्ये कर्मचाऱ्यांचा पगार त्यावर काढायला सुरुवात केली.

आजचं पेरोल सॉफ्टवेअर तेच करतं. कट-ऑफला हजेरी लॉक, बिनपगारी रजा वजा, मग ग्रॉस, मग कपाती, आणि शेवटी उरलेल्या रकमेची फाइल बँकेला. कपातींमध्ये मजेशीर आहे आपल्या महाराष्ट्राचा प्रोफेशनल टॅक्स. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३००. फेब्रुवारीवर राग का? तर राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने या कराची वर्षाची मर्यादा २,५०० ठेवली आहे. ११ महिन्यांचे २,२०० होतात, उरलेले ३०० फेब्रुवारीत. बस्स.

पण खरं लक्ष द्यायचं ते पीएफकडे. समजा बेसिक १५,००० आहे. तुमचे १२ टक्के, म्हणजे १,८०० कापले जातात. कंपनीही १,८०० घालते, पण त्यातले १,२५० पेन्शनमध्ये जातात आणि पीएफमध्ये ५५०. पासबुकात तीन वेगळे रकाने दिसतात, त्यामुळे 'कंपनीने कमी भरले' असं वाटून बरेच जण घाबरतात. तिथे घाबरू नका.

घाबरायचं कुठे? सॅलरी स्लिपवर कपात आहे आणि पासबुकात एंट्रीच नाही, तिथे. स्लिप हा कंपनीने छापलेला कागद. पैसे कापले एवढंच ती सांगते, भरले की नाही ते सांगत नाही. माझ्या एका मित्राला हे नोकरी सोडताना कळलं. स्लिपवर आठ महिने कपात, पासबुकात दोनच. बाकीचे पैसे कंपनीने खेळतं भांडवल म्हणून वापरले होते. कापून घेतलेला पीएफ न भरणं हा कायद्याने फौजदारी विश्वासघात आहे, 'कॅश फ्लोची अडचण' नाही.

पीएफ भरायची मुदत पुढच्या महिन्याची १५ तारीख. म्हणून २०-२२ तारखेला उमंग अ‍ॅप उघडा, यूएएन टाका, पासबुक बघा. दोन मिनिटांचं काम. एंट्री नसेल तर एचआरला ईमेल करा, फोन नको, लेखी हवं. उत्तर आलं नाही तर स्लिपचे पीडीएफ जोडून ईपीएफओच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. आणि ते पीडीएफ आजच स्वतःच्या मेलवर घेऊन ठेवा. नोकरी सोडली की कंपनीचं लॉगिन बंद होतं.