न्यायही त्याचाच, राज्यही त्याचंच

जून 1904 मध्ये ब्रिटिश न्यू गिनीतल्या (म्हणजे पुढच्या पापुआतल्या) पोर्ट मोर्सबीच्या गव्हर्नमेंट हाउससमोर, झेंड्याच्या खांबापाशी, ख्रिस्तोफर रॉबिन्सन या हंगामी प्रशासकाने स्वतःवर गोळी झाडून घेतली. काही महिन्यांपूर्वी गोआरीबारी बेटावर त्याच्या तुकडीने गावकऱ्यांवर बेछूट गोळीबार केला होता आणि त्याची चौकशी लागणार होती. त्याच वर्षी तिथे मुख्य न्यायाधीश म्हणून रुजू झाला ह्यूबर्ट मरे.

मरे सिडनीचा. ऑक्सफर्डमध्ये शिकला, लंडनमध्ये बॅरिस्टर झाला, हौशी मुष्टियुद्धात इंग्लंडचा हेवीवेट विजेता ठरला. धाकटा भाऊ गिल्बर्ट ऑक्सफर्डमध्ये ग्रीकचा नामवंत प्राध्यापक झाला. ह्यूबर्ट मात्र न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी वकिली करत राहिला. बोअर युद्धात लढून आला आणि चाळिशी उलटल्यावर पापुआला गेला. 1908 मध्ये लेफ्टनंट गव्हर्नर झाला तो 1940 मध्ये मरेपर्यंत. आणि गंमत म्हणजे, गव्हर्नर झाल्यावरही न्यायाधीशपद त्याने सोडलं नाही.

आपल्याकडे कलेक्टरच्या एकाच हाती महसूल आणि मॅजिस्ट्रेटी नको, म्हणून काँग्रेस वर्षानुवर्षं ठराव करत होती. पापुआत तर सगळंच एकाच्या हाती होतं. तरी मरेचा अंमल त्या काळातल्या इतर वसाहतींपेक्षा सौम्य होता, हे मान्य करायला हवं. जमीन गोऱ्या मळेवाल्यांना विकत मिळत नसे, फक्त भाडेपट्ट्याने. नव्या मुलखात गस्तीपथकं जात, त्यांना गोळी शक्यतो न झाडण्याची ताकीद असे. खुनाच्या आरोपीला फाशीऐवजी बहुतेक वेळा काही वर्षांची कैद होई. त्याचा हिशेब सरळ होता : डोंगरातून आणलेला कैदी मोर्सबीच्या तुरुंगात मोटू भाषा शिकतो, सरकार म्हणजे काय ते पाहतो आणि सुटल्यावर गावचा हवालदार किंवा दुभाष्या होतो. जिथे अजून रस्ता गेला नव्हता, तिथे सरकार असं पोहोचत होतं.

पण हाच माणूस पापुआवासीयांना मोठं होऊ द्यायला तयार नव्हता. त्यांच्यासाठी सरकारी शाळा काढल्या नाहीत. त्यांच्याकडूनच कर घेऊन मिशनऱ्यांच्या शाळांना अनुदान दिलं. त्यांना कमरेच्या वर कपडे घालायला मनाई होती. ओले कपडे अंगावर राहून आजार होतात, हे त्या मनाईचं कारण. गोऱ्याच्या सदऱ्याने आजार होत नसावेत! 1926 मध्ये मोर्सबीतल्या गोऱ्या रहिवाशांचा गिल्ला झाला, तेव्हा गोऱ्या स्त्रीवर बलात्काराचा नुसता प्रयत्न केला तरी देहदंड, असा कायदा झाला. पापुआच्या बाईसाठी तसं काही नव्हतं. इतकी वर्षं शिक्षेत माणूस पाहणाऱ्या न्यायाधीशाने यावर सही करावी, हे मला त्याच्या कारकिर्दीतलं सगळ्यात वाईट पान वाटतं. त्याच्यातल्या राज्यकर्त्याने हार खाल्ली; आणि त्याला अडवायला दुसरा न्यायाधीश होता कुठे?

फेब्रुवारी 1940 मध्ये, दौऱ्यावर असताना समराई इथे, वयाच्या 78व्या वर्षी तो गेला. कारभार आला त्याच्या पुतण्याकडे, लिओनार्ड मरेकडे. दोन वर्षांत जपानी बॉम्ब पडू लागले आणि मुलकी अंमल गुंडाळून लष्कराने ताबा घेतला.