नव्याची पुनव, उघाडीवर

सकाळचे साडेसात वाजलेत. वयनी दाराच्या चौकटीला नवं बांधतायत. आंब्याचं पान, झेंडूचं फूल, भाताच्या चार लोंब्या आणि बांधायला पेंढ्याचीच दोरी. काल कोजागिरी झाली, आज नव्याची पुनव. ऑक्टोबर 2025 चा पहिला आठवडा सरलाय. आज घरात नव्या तांदळाची खीर व्हायला हवी, पण कापलेलं भात अजून गिरणीत न्यायच्या लायकीचं वाळलेलं नाही. वयनींनी रात्री मूठभर लोंब्या चुलीच्या उबेला ठेवल्या, पहाटे हातानेच चोळून कांडल्या आणि जुन्या तांदळात मिसळल्या. "देवाला कललं तं कललं," म्हणतात आणि हसतात.

अलिबागहून पहिल्या एसटीने मी पेझारीला उतरलो आणि तिथून मोटरसायकलवर मागे बसून या गावात आलो. हा खारेपाट, म्हणजे खाडीकाठचा खारा पट्टा, शहापूर-धेरंडकडचा. एका अंगाला जरा उंचावरची माळजमीन, दुसऱ्या अंगाला अंबा नदीची खाडी, म्हणजेच पुढची धरमतरची खाडी. हे घर नाना-वयनींचं, आणि नानांची शेती दोन्हीकडे आहे. वर सव्वा एकर, खाली खारीत अडीच. मी आलोय एवढंच विचारायला, की पीक कसं आहे?

नाना बशीतला चहा फुंकत उलट मलाच विचारतात, "कुठला?"

मला वाटतं, थट्टा करतायत.

वरच्या शेतात चार बायका आणि नानांचा धाकटा भाऊ कापणीला लागलेत. हे हळवं भात, कर्जत-3. एकशेपंधरा-वीस दिवसांत हाताशी येणारं. डाव्या मुठीत चुडाचा झुबका धरायचा, विळा बुडाशी लावून आपल्याकडे ओढायचा. खर्र असा आवाज होतो आणि मूठ मागे सडावर आडवी पडते. मूठभर सडावर मूठभर भात, लोंब्या एका बाजूला, म्हणजे खालून वारा खेळतो. दोन कडक उन्हं लागली की भारे बांधायचे आणि खळ्यावर न्यायचे. दोन उन्हं. सगळं घोडं तिथेच अडलंय.

कालचं कापलेलं भात अजून ओलं आहे. रात्री दव पडलं, आणि त्याआधी संध्याकाळी दहा मिनिटांची सर येऊन गेली. भाऊ एक लोंबी उचलतो, दाणा दाताखाली धरतो. वाळला असता तर 'कट' वाजला असता. हा नुसता दबतो. माझ्याकडेही एक दाणा देतो. मी चावतो आणि जाणकारासारखी मान हलवतो.

शेताच्या पूर्वेचा कोपरा लोळलाय. तिथे भात उभं कापता येत नाही, आधी उचलून धरावं लागतं. एका मुठीला तीन मुठींचा वेळ. काही लोंब्या चिखलाला टेकल्यात आणि त्यातल्या दोन-तीन दाण्यांना पांढरे मोड दिसतात. बायका ते बघतात, बोलत काहीच नाहीत. पेरायच्या वेळी बियाण्याला मोड आणायला गोणपाट भिजवून किती खटपट करावी लागते! आता तेच फुकटात होतंय.

यंदाचं सालच उलटं. पाऊस मेमध्येच आला. मुंबईत 26 मेला मान्सून पोहोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. माळावर पावसाआधी कोरड्यातच धूळपेर करणाऱ्यांची पंचाईत झाली. जमीन तापलेली नाही, राब नीट भाजलेले नाहीत, आणि वर चिखल. मग जूनच्या आरंभी त्याच पावसाने दडी मारली. "आवंदा धूल पेरूच दिली नय त्यानं," भाऊ सांगतो. आणि आला लवकर म्हणून गेला लवकर, असंही नाही. मुंबईहून पाऊस परतायची सरासरी तारीख पूर्वी 29 सप्टेंबर धरत, 2020 पासून ती 8 ऑक्टोबर केली. आज सात. खात्याने अजून निरोप दिलेला नाही. मागच्या आठवड्यात 'शक्ती' वादळाचा इशारा रायगडालाही होता. ते पश्चिमेला समुद्रात निघून गेलं, पण त्या इशाऱ्यापायी कापणी चार दिवस लांबली.

घाटावरच्या शेतकऱ्याला आता पडणारा पाऊस रब्बीसाठी हवा असतो. स्वातीच्या पावसाचं तिकडे केवढं कौतुक! इथे वरच्या शेतात हस्ताचा एक ढग दिसला तरी बायकांचे हात भरभर चालायला लागतात. हे भात उचललं की याच ओलीवर वाल पेरायचा आणि जिथे जमेल तिथे पांढऱ्या कांद्याची तयारी करायची. 

दहा वाजता नाना म्हणतात, "चला, आता दुसरा दाखवतो."

उतरत उतरत जाताना वास बदलतो. आधी कापल्या भाताचा गोडसर वास, मग शेवाळाचा, मग खाऱ्या चिखलाचा. बांधावरून चालताना दोन्हीकडे पाण्यात चिंबोऱ्यांची बिळं दिसतात. घरामागच्या तळ्यात नानांनी जिताडे सोडलेत. त्यांच्याबद्दल ते भातापेक्षा जास्त उत्साहाने बोलतात.

खारीतलं भात हिरवं आहे. वर पिवळं, खाली हिरवं, मधे फक्त अर्धा कोस. हे उशिरा येणारं, पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने खाऱ्या जमिनीसाठी काढलेलं पनवेल-3, आणि कडेच्या दोन खाचरांत जुनं तांबडं रता. यांची लावणी नाही. जूनमध्ये पावसाने मीठ धुऊन काढलं की मोड आलेलं बी चिखलात फेकायचं. याला रहू म्हणतात. मीठ धुतलं जाण्याआधी फेकलं तर बी करपतं, फार उशीर केला तर पाणी तुंबून कुजतं. अलिबागेला पावसाळ्यात सरासरी दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, म्हणून तर समुद्राच्या ताटात भात पिकवायचं धाडस लोकांनी केलं. वर ज्याने धूळपेर बुडवली, त्याच मे महिन्यातल्या पावसाने इथे मीठ लवकर धुतलं.

नाना एक लोंबी नखाने दाबतात. पांढरा चीक येतो. "दूद हाय अजून." मग वाकतात, खाचरातल्या पाण्यात बोट बुडवतात आणि चाखतात.

मी थक्क होऊन बघत राहतो. मीटर नाही, पट्टी नाही.

"मचूल हाय," ते म्हणतात. म्हणजे गोडही नाही, खारंही नाही. मीही चाखतो. मला नुसता चिखल लागतो.

आणि आता मला त्यांचा सकाळचा उलट प्रश्न कळायला लागतो. दाणा दुधात असताना खाचरातलं पाणी आटलं, की खालचं मीठ ओलीबरोबर वर चढतं. पानांचे शेंडे तांबडे होतात, दाणा भरायच्या आधीच लोंबीत पळंज राहतो. एक-दोन खाचरांत शेंडे करपलेले दिसतायतही. त्याला औषध एकच, वरून पडणारं गोडं पाणी. खारीला अजून एक पाऊस हवाय. वर वयनी आभाळाकडे बघून "नको रे बाबा" म्हणतायत, आणि खाली नाना त्याच आभाळाकडे बघून म्हणतायत, "एक येऊ दे." एकाच घरातली दोन माणसं. संध्याकाळी एकाच चुलीवरचं जेवणार.

तलाठ्याच्या दप्तरात मात्र गावाची पैसेवारी एकच निघते. पन्नास पैशांच्या खाली की वर, एवढाच प्रश्न. नानांच्या वरच्या आणि खालच्या शेताची सरासरी काढली, तर जे पीक निघेल ते कुठल्याच शेतात उभं नसेल.

साडेअकरा. आम्ही बाहेरकाठ्यावर आहोत. खाडी आणि शेत यांच्यामधला हा मातीचा बांध, बाहेरून दगड लावलेला, जागोजागी दगड निसटलेले. आज पुनवेचं उधाण. इथल्या माणसाला भरती मोजायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट करायची: पंधराची सव्वाअकरा. खाडीत आत यायला पाण्याला आणखी थोडा वेळ लागतो.

पाणी चढताना आवाज करत नाही. कांदळाच्या मुळ्या दिसेनाशा होतात, मग खोडं, मग पानंच तेवढी पाण्यावर तरंगल्यासारखी राहतात. निवट्या उड्या मारत काठावर येतात. बाराच्या सुमाराला मी बांधावर उभा राहून डावीकडे बघतो, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. डावीकडचं पाणी उजवीकडच्या भाताच्या लोंब्यांपेक्षा उंच आहे. दोघांच्या मधे दोन-अडीच पुरुष रुंदीची माती आणि तीत खेकड्यांची बिळं.

खाली उघाडी. बांधातून काढलेली मोरी, तिला खाडीच्या बाजूला झडपा. भरतीचं पाणी झडप दाबून बंद करतं, ओहोटीला आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. कुणी फिरवायचं नाही, कुणी पहारा द्यायचा नाही. निदान असं चित्रात असतं. प्रत्यक्षात एका झडपेची कड झिजलीय आणि तिथून मनगटाएवढी खाऱ्या पाण्याची धार आत येतेय. नाना आणि शेजारचा एक तरुण कमरेएवढ्या पाण्यात उतरतात. पेंढा आणि चिखल यांचा बोळा करून फटीत कोंबतात. बोळा निसटतो. पुन्हा कोंबतात. वर उभा राहून मी पेंढा पुरवतो. आजच्या दिवसातलं माझं हे एकमेव काम.

"कुणाला सांगितलंत का?" मी विचारतो.

"सांगला ना. लिऊन पन दिला."

बांध कुणी राखायचा, हा इथला फार जुना प्रश्न आहे. 1883 च्या कुलाबा गॅझेटियरात शिलोत्री पद्धतीची नोंद आहे. खार बांधून काढणारा शिलोत्रदार बांध राखायचा आणि त्याबद्दल बिघ्यामागे मणभर भात घ्यायचा. पुढे गावकऱ्यांचा जोळ असे. बांध फुटून खांड पडली, की घरटी एक माणूस रात्री-बेरात्री पाटी-फावडं घेऊन हजर. 1979 च्या खारभूमी विकास कायद्याने ही जबाबदारी सरकारी खात्याकडे नेली. आता खांड पडली, की घरटी एक माणूस फोन करतो. एकदा खारं पाणी शेतात फिरलं, की दोन-तीन वर्षं तिथे भाताची आशा सोडावी लागते, आणि असा सोडलेला पट्टा खाडीच्या वळणावर दिसतोही. भात नाही, कांदळ माजलेत. नाना तिकडे हात करतात. "ती पन शेतीच होती."

पाण्यातून एक बार्ज धरमतरकडे जातं. त्याच्या लाटा बांधावर येऊन आपटतात, दोघेही काम थांबवून फटीकडे बघतात. बोळा टिकतो.

परतताना पलीकडे चरी दिसते. 27 ऑक्टोबर 1933 ला, म्हणजे असंच भात तयार होत असताना, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने खोतांची जमीन न कसण्याचा निर्णय तिथे झाला. पंचवीस गावांनी ती वर्षानुवर्षं पडीक ठेवली, 1939 पर्यंत. पोटं कशावर भरली, असं विचारलं तर म्हातारी माणसं रानाकडे आणि खाडीकडे बोट दाखवतात: करवंदं, लाकूडफाटा आणि मासळी. तेव्हा भांडण पिकलेलं भात कुणाच्या घरात जाणार याचं होतं. आज भात नानांचंच आहे, त्याची 2025-26 च्या हंगामाची किमान आधारभूत किंमत क्विंटलला 2,369 रुपये ठरली, आणि कापायला माणूस मिळत नाही. गावातली तरुण मुलं कारखान्यात नाहीतर रिक्षावर. चार बायका मिळाल्या, त्याही शेजारच्या वाडीवरून, आदल्या रात्री आगाऊ सांगून.

जेवणात जिताड्याचं कालवण आहे आणि ती खीर. नवा तांदूळ मधेमधे जिभेला लागतो, चिकट, जरा कच्चा.

तीन वाजता पूर्वेकडून काळोख येतो. परतीचा पाऊस समुद्राकडून येत नाही, डोंगराकडून येतो, गडगडत. पहिला गडगडाट होताच वयनी हातातलं भांडं ठेवून धावतात. आम्हीही. सडावरचं कालचं भात कवळ्यात भरून ढिगावर टाकायचं, लोंब्या आत, बुडखे बाहेर, वर निळी ताडपत्री, ताडपत्रीवर दगड. आजचं कापलेलं तसंच राहतं, तेवढा वेळ नाही. टपोरे थेंब ताडपत्रीवर वाजायला लागतात. वयनी पदर डोक्यावर घेऊन आभाळाला उद्देशून आगरीत जे बोलतात ते मी लिहीत नाही.

आणि खारीच्या बांधावरून नाना भिजत येताना दिसतात, अजिबात घाई न करता. जवळ आल्यावर वयनींची नजर चुकवतात आणि मला हळूच म्हणतात, "खाचरांची तोंडां बांदून आलो. गोडा पानी कशाला जाऊ देवाचा?"

पंधरा-वीस मिनिटांत पाऊस थांबतो. ओटीवर पुतण्याचा मोबाइल वाजतो. बातमी: अतिवृष्टीग्रस्त शेतकऱ्यांसाठी राज्य सरकारचं 31,628 कोटींचं पॅकेज. मराठवाड्यात सप्टेंबरात नद्यांनी शेतांची मातीच वाहून नेली, तिथली गरज मोठी आहे, ओटीवर कुणीही त्याबद्दल वेडंवाकडं बोलत नाही. पुतण्या बातमी शेवटपर्यंत वाचून दाखवतो. नाना टॉवेलने डोकं पुसत विचारतात, "त्याच्यान खारा पानी हाय का रं?"

पुतण्या पुन्हा वरपासून बघायला लागतो.

साडेचारला आम्ही परत उघाडीवर आहोत. खाडी उतरलीय, कांदळाच्या मुळ्या पुन्हा उघड्या पडल्यात. चिखल-पेंढ्याचा बोळा आतल्या पाण्याने कधीच बाहेर ढकलून दिलाय, आणि झडपेखालून पाणी खळखळत निघालंय. उद्याची भरती पाऊण तास उशिरा आहे, तेव्हा नवा बोळा लागेल. वरचं भात, ऊन पडलं तर, परवा झोडायचं. खालचं दिवाळी झाल्यावर कापायचं.