निषेधाचं पान

दुपारी चारनंतर तालुक्यांतून निषेध यायला लागतात. नगर जिल्ह्यात तालुके चौदा. मुंबईत किंवा दिल्लीत कुणी काही बोललं असेल, तर त्या दिवशी अकोल्यापासून जामखेडपर्यंत सगळीकडून एकाच विषयावरची पत्रकं व्हॉट्सॲपवर येऊन पडतात. मी एका दैनिकाची तालुका पानं लावते. ही पत्रकं वाचायची, नावं तपासायची, विशेषणं छाटायची, मजकूर दहा ओळींत बसवायचा आणि पान वेळेत सोडायचं, हे माझं रोजचं काम.

निषेधाच्या बातमीची बांधणी ठरलेली असते. पहिल्या वाक्यात कुणी, कुणाचा आणि ‘तीव्र शब्दांत’. मग प्रकार येतो: जोडे मारो, पुतळा दहन, रास्ता रोको, दुग्धाभिषेक, रस्त्यावर कांदा. मग तहसीलदारांना निवेदन, मग ‘अन्यथा तीव्र आंदोलन छेडण्यात येईल’, आणि शेवटी उपस्थितांची नावं. बहुतेक वेळा नावंच बातमीपेक्षा लांब होतात आणि फोन त्यांच्यासाठीच येतात. फोटोसुद्धा ठरलेला. तहसीलच्या पायऱ्या, मध्ये नायब तहसीलदार, आणि निवेदनाच्या एका कागदाला पोचतील तितक्या सगळ्यांचे हात लागलेले. ज्याचा हात पोचत नाही तो पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून मान पुढे काढतो.

“ताई, फोटो डावीकडून कापू नका. तिकडं आपले तालुकाध्यक्ष आहेत.”

“हे तर समोरच्या पक्षात होते ना?”

“होते. आता आपल्यात आलेत. तेवढं बघा ताई, लोक लांबून आलेत.”

फोन करणाऱ्याच्या आवाजात संकोच नव्हता आणि लोक खरोखरच लांबून आलेले होते. या सगळ्याला नाटक म्हणून मोकळी होणारी माणसं शहरात पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. मी मोर्चांत उभी राहून पाहिलं आहे. उन्हात आलेल्या माणसाचा घसा खरंच बसलेला असतो. दिवसाची मजुरी किंवा गायींची धार कुणावर तरी टाकून तो आलेला असतो. राग त्याचा असतो. तो कुणावर काढायचा, हे मात्र वरून ठरून आलेलं असतं, आणि सरकार बदललं की रात्रीतून ते उलटं होतं. माझा आक्षेप तिथे आहे.

दुधाचंच घ्या. दूध हा आमच्या जिल्ह्याचा रोजचा रोख पैसा. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये हॉटेलं आणि मिठाईची दुकानं बंद पडली आणि गायीच्या दुधाचा भाव लिटरला वीस रुपयांच्या आसपास उतरला. मुंबईत महाविकास आघाडीचं सरकार होतं. 1 ऑगस्ट 2020 रोजी भाजप आणि मित्रपक्षांनी राज्यभर दूध आंदोलन केलं. लिटरला 10 रुपये अनुदान द्या, दूध भुकटीच्या निर्यातीला किलोमागे 50 रुपये द्या, अशी मागणी होती. मागणी रास्त होती. आघाडीची मंडळी तेव्हा केंद्राकडे बोट दाखवत होती.

पुढे सरकार गेलं, महायुती आली, आणि दुग्धविकास खातं आमच्याच जिल्ह्यातल्या राधाकृष्ण विखे पाटील यांच्याकडे आलं. जुलै 2023 मध्ये सरकारने 3.5 फॅट आणि 8.5 एसएनएफ (फॅट सोडून उरणारे घन घटक) असलेल्या गायीच्या दुधाला 34 रुपये भाव ठरवून दिला. तो बाजारात टिकला नाही. वर्षअखेरीला दर पुन्हा पंचविशीत आले, पाच रुपये अनुदान जाहीर झालं, त्याला अटी लागल्या. या वेळी रस्त्यावर आघाडीची माणसं होती. जुलै 2024 मध्ये नवे खासदार निलेश लंके यांनी दूध आणि कांद्याच्या प्रश्नावर नगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर ठिय्या दिला. तीही मागणी रास्त होती. आणि चार वर्षांपूर्वी ज्यांचा दुधासाठी जीव तुटत होता, त्यांच्याकडून आता शासनाने दूध उत्पादकांसाठी काय काय केलं याची पत्रकं येत होती.

अशाच एका दूध आंदोलनाला मी छायाचित्रकाराबरोबर गेले होते. नेत्यांच्या डोक्यावर, एका दगडावर, मग रस्त्यावर दूध ओतून झालं. एक उत्पादक बाजूला छोटी किटली घेऊन उभा होता. त्याने दूध ओतलं नव्हतं. मी दर विचारला, तर त्याने खिशातून संकलन केंद्राची पावती काढली. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम, सगळं छापलेलं, आणि दराभोवती पेनाने गोल. पशुखाद्याच्या पोत्याचा हिशेब त्याने त्याच पावतीच्या पाठीवर मांडला होता. पोतं वर्षात दोनदा वाढलं होतं, दूध उतरलं होतं. “मॅडम, एवढा दर लिहा. कोण कोण आलं होतं ते पेपरात येईलच,” तो म्हणाला. संध्याकाळी त्या आंदोलनाचं पत्रक आलं. नावं पुष्कळ होती. दर कुठेच नव्हता.

तेव्हापासून मी प्रत्येक निषेधाच्या पत्रकात आधी आकडा शोधते. ज्या पत्रकात दर, अनुदानाची रक्कम, शासन निर्णयाची तारीख असते, त्यातला राग प्रश्नाचा असतो. ज्यात फक्त समोरच्या नेत्याचं नाव असतं, तो राग नेता पक्ष बदलेल तेव्हा संपतो. आमच्या जिल्ह्यात तो लवकर संपतो. 2018 च्या डिसेंबरात नगर महापालिकेत शिवसेनेचे 24, राष्ट्रवादीचे 18 आणि भाजपचे 14 नगरसेवक निवडून आले. राज्यात भाजपविरुद्ध रोज आवाज उठवणाऱ्या राष्ट्रवादीच्या अठराही जणांनी महापौरपदासाठी भाजपच्या उमेदवाराला मतं दिली. पक्षाने कारवाई केली, पुढे मागे घेतली. जुलै 2020 मध्ये पारनेरचे शिवसेनेचे पाच नगरसेवक बारामतीत जाऊन राष्ट्रवादीत दाखल झाले, तेही दोन्ही पक्ष एकाच सरकारात असताना, आणि काही दिवसांतच परत शिवसेनेत आले. कांद्याचं तर सांगायलाच नको. डिसेंबर 2010 मध्ये निर्यात थांबली तेव्हा केंद्रात काँग्रेस आघाडी होती आणि कृषिमंत्री शरद पवार. सप्टेंबर 2020 आणि डिसेंबर 2023 मध्ये थांबली तेव्हा भाजपचं सरकार. घोडेगावच्या बाजारात पडलेल्या भावाचा चटका तिन्ही वेळा सारखाच होता. घोषणा देणारे आणि गप्प बसणारे मात्र जागा बदलून बसले होते.

अण्णा हजारे यांच्याबाबत हे जितकं उघड दिसतं तितकं कुठेच नाही. राळेगणसिद्धीहून ते ज्या सरकारविरुद्ध उपोषणाची घोषणा करतात, त्या सरकारच्या पक्षाला ते त्या दिवशी नकोसे होतात आणि विरोधकांना एकदम ‘ज्येष्ठ समाजसेवक’ वाटायला लागतात. 2011 मध्ये लोकपालासाठी रामलीला मैदानावर बसण्याच्या तोंडावर काँग्रेसच्या प्रवक्त्याने त्यांना भ्रष्ट ठरवलं आणि नंतर दिलगिरी व्यक्त केली. जानेवारी 2021 मध्ये कृषी कायद्यांच्या वेळी त्यांनी देवेंद्र फडणवीस आणि केंद्रीय मंत्र्यांच्या भेटीनंतर उपोषण मागे घेतलं, तर शिवसेनेच्या ‘सामना’ने अण्णा कोणाच्या बाजूने, असा सवाल केला. अण्णांवर टीका करायला जागा आहे, ती मीही केली आहे. पण त्यांच्याविषयीचं मत मंत्रालयात कोण बसलंय यावर ठरत असेल, तर ते मत अण्णांविषयी नाहीच.

आमच्या कचेरीत जुन्या अंकांच्या बांधीव फायली आहेत. 1991 ची फाइल मी पुन्हा पुन्हा काढते. त्या वर्षी नगरची लोकसभा निवडणूक काँग्रेसचे यशवंतराव गडाख आणि अपक्ष उभे राहिलेले बाळासाहेब विखे पाटील यांच्यात झाली. एकाच काँग्रेस परंपरेतले, सहकारात वाढलेले दोन मोठे नेते. प्रचारसभांत विखे पैसा आणि वस्तू वाटून मतं विकत घेत आहेत, अशा अर्थाचे आरोप झाले. गडाख जिंकले. विखे न्यायालयात गेले. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123(4) नुसार उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटं विधान, ते खोटं आहे असं वाटत असताना किंवा खरं असल्याचा विश्वास नसताना करणं, हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो. उच्च न्यायालयाने गडाखांची निवड रद्द केली आणि प्रचाराला आलेले तेव्हाचे मुख्यमंत्री शरद पवार यांच्यावरही ठपका ठेवला. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 1993 मध्ये गडाखांची निवड रद्दच ठेवली, पवारांवरचा ठपका मात्र काढला. 1994 मध्ये पोटनिवडणूक झाली.

या खटल्याचं महत्त्व मला वेगळ्या कारणासाठी वाटतं. सभेत टाळ्या घेणारं वाक्य तिथे साक्षीपुराव्याच्या टेबलावर आलं. कुठे बोललं गेलं, कुणी ऐकलं, बोलणाऱ्याला खरं काय ते ठाऊक होतं का, हे एकेक करून विचारलं गेलं. आवेशाला पुरावा मागणारी अशी जागा आमच्या जिल्ह्याच्या राजकारणात त्याआधी नव्हती आणि नंतरही क्वचितच आली. पुढची वर्षं मात्र जिल्ह्याच्या रिवाजानेच गेली. बाळासाहेब विखे शिवसेनेत गेले, वाजपेयी मंत्रिमंडळात मंत्री झाले, 2004 मध्ये काँग्रेसमध्ये परतले. त्यांचे चिरंजीव राधाकृष्ण विखे 2014 नंतर विधानसभेत काँग्रेसचे विरोधी पक्षनेते होते. 2017 मध्ये कर्जमाफीसाठी फडणवीस सरकारविरुद्ध निघालेल्या संघर्ष यात्रेत होते, आणि त्याच वर्षी 1 जूनला त्यांच्याच राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकऱ्यांचा संप सुरू झाला. जून 2019 मध्ये ते त्याच फडणवीस सरकारात मंत्री झाले. गडाखांचे चिरंजीव शंकरराव शिवसेनेतून मंत्री राहिले. मी इथे कुणा एका घराण्याचा हिशेब मांडत नाही. पक्ष बदलण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. पण कालच्या रागाचं काय झालं, हे ज्यांना घेऊन तो राग काढला त्यांना सांगावं लागतं, आणि ते कुणी सांगत नाही.

हे इथलंच आहे असंही नाही. अमेरिकेत फेब्रुवारी 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची एक जागा रिकामी झाली, तेव्हा निवडणुकीच्या वर्षात नेमणूक नको म्हणून रिपब्लिकन सिनेटरांनी ओबामांच्या उमेदवाराची साधी सुनावणीही घेतली नाही. त्यांतल्या लिंडसे ग्रॅहम यांनी तर उद्या आमच्यावर वेळ आली तर माझेच शब्द माझ्याविरुद्ध वापरा, असं सांगून ठेवलं. 2020 मध्ये मतदानाच्या आठ दिवस आधी त्याच सिनेटने ट्रम्प यांच्या उमेदवाराची नेमणूक पूर्ण केली आणि ग्रॅहम सुनावणी घेणाऱ्या सिनेट समितीचे अध्यक्ष होते. डेमोक्रॅटही दोन्ही वेळी उलट बाजूला उभे होते. तिथल्या वृत्तवाहिन्यांवर जुन्या चित्रफिती शेजारी लावून संताप करण्याचा मोठा व्यवसाय चालतो, आणि प्रत्येक वाहिनीला फक्त समोरच्याचीच चित्रफीत सापडते. आमच्याकडेही आता प्रत्येक पक्षाच्या मोबाइलात समोरच्या नेत्याची जुनी भाषणं तयार असतात. त्या शोधाशोधीतून दुधाचा दर पुढे सरकत नाही.

सगळ्यात जास्त त्रास होतो तो माणसाच्या, विशेषतः बाईच्या अपमानाचा असा वापर होतो तेव्हा. ऑक्टोबर 2024 मध्ये संगमनेर तालुक्यात धांदरफळच्या सभेत एका वक्त्याने काँग्रेस नेते बाळासाहेब थोरात यांच्या कन्येविषयी अतिशय गलिच्छ भाषा वापरली. रात्रीतून गाड्यांची तोडफोड, जाळपोळ झाली. एका बाजूच्या पत्रकांत जाळपोळ नव्हती. दुसऱ्या बाजूच्या पत्रकांत ती भाषा एका ओळीत उरकून गाड्यांवर मजकूर होता. मी दोन्हींतली विशेषणं काढून एकच बातमी केली आणि तिच्यात आधी ते वक्तव्य झालं हे लिहिलं, कारण सुरुवात तिथून झाली होती.

अकोले तालुक्यातल्या किसान सभेचं उदाहरण मी नव्या वार्ताहरांना देते. डॉ. अजित नवले आणि त्यांचे सहकारी 2020 मध्ये आघाडीच्या सरकारविरुद्ध दुधासाठी रस्त्यावर होते आणि जुलै 2024 मध्ये कोतुळला महायुतीच्या सरकारविरुद्ध धरणं धरून होते. त्यांचाही पक्ष आहे. सत्तेत नसलेल्याला सातत्य सोपं जातं, हेही मान्य. तरी दोन्ही वेळची पत्रकं शेजारी ठेवली तर मुद्दा एकच सापडतो, दर आणि तो कसा ठरवायचा.

आता मी आंदोलनाच्या बातमीला तीन ओळींची चौकट जोडते. आजचा दर किंवा लागू शासन निर्णय काय, मागणी काय, आणि हीच मागणी याआधी कुणी कधी केली होती. जाहिरात आली की आधी चौकटीवरच कात्री येते, म्हणून ती मी बातमीच्या अंगातच लिहायला लागले. दोन्हीकडून फोन येतात. आमच्याच वेळी तुम्हाला जुनं कसं आठवतं, असं एक विचारतो आणि दुसरा त्याच दिवशी समोरच्याचं कात्रण मागतो. कात्रण मी दोघांनाही देते, दोघांचीही.

दूध उत्पादकांचे फोन वेगळे असतात. राहुरीकडच्या एकाने मध्यंतरी कळवलं की छापलेला दर संघाचा आहे, त्यांच्या गावात खाजगी संकलनाला लिटरमागे दीड रुपया कमी मिळतो, आणि पावतीचा फोटो पाठवला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोन्ही दर छापतो.