चाखणीचे मेळे आणि मद्याच्या द्राक्षांची बाग

अलीकडे मुंबई, पुणें आदि शहरांतून इटली देशाच्या द्राक्षमद्याच्या, म्हणजे ज्यास लोक वाईन म्हणतात त्याच्या, चाखणीचे मेळे भरूं लागले आहेत. त्यांत आतां चवीबरोबरच द्राक्षें कोणत्या रीतीनें पिकविलीं, जमिनीचा कस राखला कीं नाहीं, पाणी व औषधें किती वापरलीं, याचीही विचारपूस होते. या वार्ता वाचून आमच्या बेंबळी भागांतील कांहीं बागाईतदारांच्या मनांत मद्याचीं द्राक्षें लावण्याचा विचार घोळूं लागला आहे. शेजारच्या तुळजापूर तालुक्यांत खाण्याच्या द्राक्षांच्या बागा उभ्या आहेतच, तेव्हां हा विचार अगदींच हवेंतला नव्हे. म्हणून त्याची शेतकऱ्याच्या बाजूनें चौकशी करणें आम्हांस अवश्य वाटतें.

चाखणी म्हणजे झिंगणें नव्हे. पेल्यांत दोन घोट मद्य ओततात, पांढऱ्या कापडासमोर धरून रंग पाहतात, पेला फिरवून वास घेतात, घोट तोंडांत घोळवितात आणि जाणते लोक तो बहुधा थुंकून टाकितात. आम्ही माळकरी असल्यामुळें मद्याच्या चवीविषयीं बोलण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. परंतु ही विद्या कुणब्यास परकी नाहीं. गुळाच्या बाजारांत जाणता आडत्या ढेप फोडून खडा जिभेवर ठेवितो आणि माल कसा उतरला तें सांगतो. हुरड्याच्या दिवसांत कणीस कोणत्या रानांतील, हें चवीवरून ओळखणारे म्हातारे अजून गांवोगांव आहेत. फरक इतकाच कीं, इटलींत त्या रानाचें नांव बाटलीवर छापलेलें असतें व त्या नांवाचा दाम मिळतो.

हा दाम इटलीस एका दिवसांत मिळाला नाहीं. तस्कनी प्रांताच्या राजानें 1716 सालीं फर्मान काढून कियांती भागाच्या सीमा ठरवून दिल्या. महसुली खात्यांत जन्म घालविलेल्या आमच्यासारख्यास या सीमानिश्चितीचें विशेष कौतुक वाटतें. 1963 सालीं सबंध देशाकरितां असा कायदा झाला. तरीही 1986 सालीं स्वस्त मद्याचा जोर वाढविण्यासाठीं कांहींनीं त्यांत मेथिल अल्कोहोल मिसळलें. वीसहून अधिक माणसें मेलीं आणि परदेशचें गिऱ्हाईक फिरकेनासें झालें. तेव्हांपासून तेथील चांगल्या बागवाल्यांनीं ‘माल थोडा पण चोख’ या मार्गाची कास अधिकच घट्ट धरली. आपल्याकडेही नाशिक खोऱ्याच्या वाईनला 2010 सालीं आणि आमच्याच जिल्ह्यांतील कुंथलगिरीच्या खव्यास 2024 सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे.

जमिनीचा कस राखण्याच्या कामीं तिकडे ओळींमधून कडधान्यवर्गीय पिकें पेरून गाडतात, रस काढल्यावर उरलेल्या सालपटांचें खत करितात. पण आम्हांस विशेष वाटला तो तांब्याचा नियम. युरोपांत 2019 पासून हेक्टरीं सात वर्षांत मिळून 28 किलोहून अधिक तांबें फवारतां येत नाहीं, म्हणजे सरासरीनें वर्षास 4 किलो. मोरचुदांत तांबें सुमारें चौथा हिस्सा असतें. एक टक्क्याचें बोर्डो मिश्रण हेक्टरीं हजार लिटर मारलें तर 10 किलो मोरचूद, म्हणजे अडीच किलो तांबें गेलें. अशा दोन फवारण्या पुऱ्या होण्याच्या आधींच तिकडील शेतकऱ्याचा वर्षाचा हिशेब संपतो. आमच्याकडे केवड्याचा जोर झाला म्हणजे हा हिशेब कोण ठेवितो?

आतां पिकाकडे वळूं. मद्याचें द्राक्ष बारीक, जाड सालीचें व बियांचें असतें. मणी फुगविण्यासाठीं घड जिबरेलिक ॲसिडांत बुडविण्याचा खटाटोप करावा लागत नाहीं, ही मजुरीची बचत खरी; पण उतारा मुद्दाम कमी ठेवावा लागतो. ताज्या फळाच्या बाजारांत त्यास कोणी विचारीत नाहीं, बेदाण्यासही तें उपयोगी नाहीं, आणि परवान्यावांचून घरीं मद्य करतां येत नाहीं. ज्या कारखान्यासाठीं लावलें त्याखेरीज दुसरें दार क्वचितच उघडें असतें.

हा धोका कल्पनेंतला नव्हे. 2001 सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर करून सवलती दिल्या; विंचूर व पलूस येथें मद्याच्या कारखान्यांसाठीं वसाहती झाल्या. नाशिककडील शेतकऱ्यांनीं उमेदीनें लागवड केली. 2008 सालीं जगभर मंदी आली, नोव्हेंबरांत मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलांचा धंदा बसला आणि मद्य कारखान्यांत पडून राहिलें. पुढें पुष्कळांनीं पोटच्या पोराप्रमाणें वाढविलेल्या वेली स्वतःच्या हातानें उपटल्या. चमत्कार असा कीं, नाशिकजवळचा सुला कारखान्याचा प्रसिद्ध मेळा त्याच 2008 सालीं सुरू झाला. मेळ्यास गर्दी लोटली म्हणून वेलीवरच्या घडास गिऱ्हाईक आहे असें धरून चालूं नये.

आमच्या जवळचें उदाहरण अकलूजचें. तेथें मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू व इटलीचे सेच्ची बंधू यांनीं मिळून ‘फ्रातेली’ नांवाचा कारखाना काढला. इटालियन भाषेंत या शब्दाचा अर्थच ‘भाऊ’ असा आहे. मद्याची बाजू तस्कनीच्या पिएरो मासी यांनीं सांभाळली आणि मोटेवाडी, निमगांव व गारवाड येथें सुमारें 240 एकरांत बागा उभ्या राहिल्या. कियांतीची प्रसिद्ध जात सांजोवेझे, ती सोलापूर जिल्ह्याच्या रानांत पिकली. हें ऐकून कोणी हुरळेल. परंतु माळशिरस तालुक्यास नीरेच्या कालव्याचें पाणी आहे. बेंबळीस भरवसा विहिरीचा व बोअरचा, तोही पावसावर टांगलेला. शिवाय तेथें बाग आणि कारखाना एका घरचीं आहेत. आमच्या शेतकऱ्याचा कारखाना परक्याचा असणार.

ज्यांस तरीही उमेद आहे त्यांनीं कलमें आणण्यापूर्वीं करार मुद्रांक कागदावर लेखी करून घ्यावा. मुदत निदान दहा वर्षांची असावी, कारण वेल दोन वर्षांत उपटण्यासाठीं कोणी लावीत नाहीं. भाव साखरेच्या अंशावर ठरत असल्यास ती साखर कोणीं, कोठें व कोणाच्या समक्ष मोजावयाची. वजन बांधावर कीं कारखान्यांत. तोडणीस कारखान्यानें उशीर केल्यास घट कोणाची. आणि कारखाना बंद पडल्यास थकलेल्या पैशास तारण काय, हें सर्व त्यांत स्पष्ट लिहिलेलें असावें. बाग पाहण्यास जाणें तर जानेवारी ते मार्च या तोडणीच्या दिवसांत जावें; साखर मोजण्याचें यंत्र, वजनकांटा आणि परत पाठविलेल्या घडांचा ढीग, हीं तिन्ही एकाच फेरींत पाहतां येतात.