सपाट माळाचा माथा

वेल्समध्ये प्रत्येक परगण्याच्या सर्वोच्च स्थानी पायी जाण्याचा छंद आहे. तेथील स्नोडन १०८५ मीटर उंच, तर अँगलसीचा होलीहेड अवघा २२० मीटर. बीदर-कलबुर्गी सीमेवरील कोहिनूरकडे असा पदयात्री आला, तर त्याला शिखर आढळणार नाही. बीदरचे पठार सुमारे ६०० मीटर उंचीवर असूनही सपाटच भासते. मग माथा ओळखावा कसा? पाण्यावरून. एका उतारावरचा पाऊस कारंजा-मांजरामार्गे गोदावरीस मिळतो. दुसऱ्या उतारावरचा मुल्लामारी, कागिणा व भीमा यांतून कृष्णेस. माथ्यावरची माती वाहून गेली, तर पाणी जिरत नाही आणि दोन्हीकडच्या विहिरी लवकर आटतात. तेव्हा डोळ्यांत न भरणारा हा माथाही पायांखाली घालून पाहावा आणि जपावा, हेच श्रेयस्कर.