आधी काय दळलंय?

पौड असो की पुणे, उपासाचे पीठ दळायला नेले की गिरणीवाल्याला पहिला प्रश्न ठरलेला: आधी काय दळलंय? ग्लुटेनमुक्त बिअर सुरक्षित कशी करायची, याचे निम्मे उत्तर याच प्रश्नात आहे. सिलिअ‍ॅक आजारात गहू, बार्ली किंवा राय यांतले ग्लुटेन पोटात गेले की शरीराची प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावरच उलटते. बिअर तर मुळात बार्लीचीच. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी आणि आपल्या एफएसएसएआयने घातलेली मर्यादा आहे किलोमागे २० मिलिग्रॅम ग्लुटेनची. ती पाळायची तर बार्लीतले ग्लुटेन तोडायचे किंवा बार्लीला हातच लावायचा नाही. रुग्णाला भरवसा देता येतो तो दुसऱ्याच वाटेने, असे माझे मत आहे.

पहिली वाट सोपी. बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून आंबवताना एक विकर घालतात. ते ग्लुटेनच्या साखळीचेही तुकडे करते. अडचण येते ती मोजताना. नेहमीच्या सँडविच एलायझा चाचणीत प्रथिनाला दोन प्रतिपिंडे दोन जागी धरतात. साखळी तुटली की तुकड्यावर धरायला एकच जागा उरते आणि चाचणीला काहीच दिसत नाही. म्हणून बिअरसाठी एका पकडीवर चालणारी स्पर्धात्मक आर५ एलायझा वापरतात. पण तीही ठरावीक खूण असलेले तुकडेच मोजते. खूण तुटली आणि आतड्याला बाधणारा भाग शाबूत राहिला, तर तो निसटतो. स्पेनची डौरा ही बार्लीचीच बिअर २००६ पासून ग्लुटेनमुक्त म्हणून विकली जाते आणि अनेकांना सोसते, असे कुणी म्हणेल. ते खरे आहे. पण सिलिअ‍ॅकमध्ये काही त्रास न जाणवताही आतड्याची हानी होत राहू शकते, त्यामुळे ‘मला काही झालं नाही’ हा पुरावा होत नाही. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२० मध्ये नियमच केला: आंबवलेल्या पदार्थावर ग्लुटेनमुक्त लिहायचे, तर आंबवण्याआधीचा माल ग्लुटेनमुक्त होता हे दाखवा.

तसा माल आपल्या घरात आहे. मुळशीच्या डोंगरउतारावर नाचणी होते, खाचरात भात. ज्वारी सोलापूरकडून येते. बाळाच्या सत्त्वासाठी नाचणी भिजवून, मोड आणून वाळवतात, तेच ब्रुअरीतले माल्टिंग. ज्वारी मात्र चिकाटी मागते. तिच्या कोंबांत विषारी द्रव्य असते (कोवळी ज्वारी खाऊन जनावर दगावते ते त्यानेच), म्हणून वाळवून कोंब-मुळ्या झाडून टाकाव्या लागतात. तिचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला शिजतो, त्याची साखर करणारी विकरे कमी पडतात, आणि दाण्याला तूस नसल्याने रस गाळताना चोथा घट्ट बसतो. त्यासाठी बाहेरून विकरे घालतात आणि चोथ्यात भाताचे तूस मिसळतात. हे जमणारच नाही, असे नाही. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली आणि तिथल्या मोठ्या ब्रुअऱ्या ज्वारी-मक्यावर गेल्या.

ज्वारीत ग्लुटेन नसतेच, मग तपासायचे कशाला? कारण मळणीयंत्र, पोते, टेम्पो गव्हाचेही असतात. गव्हाचा दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा. त्यात दहावा हिस्सा ग्लुटेन धरले तर ४ मिलिग्रॅम. किलोभर ज्वारीत सुमारे ३० हजार दाणे. त्यांत गव्हाचे पाच दाणे आले की मर्यादा संपली! मूठभर नमुन्यात ते सापडतीलच असे नाही, म्हणून अनेक पोत्यांतून नमुने घ्यावे लागतात. इथे सँडविच एलायझावर विसंबता येते, कारण प्रथिन अजून अखंड आहे. पुढे भरडण्याची गिरणी वेगळी हवी, नळ्या वेगळ्या हव्यात, आणि पबमधला नळही. यीस्ट नवे हवे. बार्लीच्या बिअरच्या तळाचे पुन्हा वापरले की त्यासोबत ग्लुटेनही येते. टाकी धुतल्यावर शेवटचे पाणी ग्लुटेन-चाचणीच्या पट्टीने तपासायचे. तयार बिअर तपासायचीच, पण सगळ्यांत शेवटी.

सिलिअ‍ॅक असलेल्या वाचकाने बाटलीवरचा ‘ग्लुटेनमुक्त’ शब्द पाहण्याआधी घटकांची ओळ वाचावी. तिथे नाचणीसोबत बार्ली किंवा गहू असेल, तर ती बिअर आपली नव्हे. नुसते ‘माल्ट’ लिहिले असेल, तर ते बार्लीचेच समजावे आणि बाटली परत ठेवावी.